कोहळा देऊन आवळा

मे महिना लागला की शहाण्या माणसाने काय करावं याबद्दल जगात फारसे मतभेद नाहीत. आंबे खावेत, दुपारी पडदे ओढून पडावं, उन्हं कलली की अंगणात पाणी मारावं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात आंबा मेक्सिकोचा मिळतो आणि उजेड रात्री नऊपर्यंत हटत नाही, म्हणून तिथले लोक पडून राहण्याऐवजी गवत कापतात. पण तत्त्व तेच. स्कीचे अड्डे एप्रिलअखेरीस बंद होत जातात, माणसांना डोंगरावर नेऊन सोडणाऱ्या पाळण्यांच्या खुर्च्या रिकाम्या लोंबकळायला लागतात, स्की गॅरेजच्या आढ्याला टांगल्या जातात आणि सभ्य समाज बर्फाचं नाव टाकतो.

नेमक्या त्याच सुमाराला एक जमात आढ्यावरच्या स्की खाली काढते.

या जमातीला पाळण्यांचं काही पडलेलं नसतं. उलट पाळणे बंद झाले की त्यांना हायसं वाटतं. आपल्या पायांनी चढून जायचं आणि आपल्याच पायांनी घसरत यायचं, मधे तिकीटबारी नको, रांग नको, गाणी नकोत. यासाठी त्यांना डोंगरही साधासुधा चालत नाही. कॅस्केड रांगेत ज्वालामुखी ओळीने उभे आहेत. कॅनडाच्या सरहद्दीजवळ बेकर, मग रेनियर, खाली अ‍ॅडम्स आणि सेंट हेलेन्स, नदी ओलांडून ओरेगॉनात गेलं की हूड. आत आग, वर बर्फ. मे ते जुलै हा या जमातीचा ऐन हंगाम.

माझी भाची या जमातीत सामील झाली आहे. ती वाढली डोंबिवलीत. लहानपणी तिला बर्फ ठाऊक होता तो काठीवरचा, तोही कालाखट्टा घातलेला. आता ती सिअ‍ॅटलपलीकडे रेडमंडला संगणकाची नोकरी करते. मी निवृत्त माणूस. उभा जन्म बँकेत ऑडिट करण्यात गेला. अमेरिकेला निघालो तेव्हा ताईने, म्हणजे तिच्या आईने, चिवड्याच्या पिशवीबरोबर एक कामगिरीही सोपवली. "ती शनिवार-रविवार कुठे उलथते ते एकदा डोळ्यांनी बघून ये." मुलीची नोकरी, नवरा, घर यांबद्दल ताईची काही तक्रार नव्हती. तक्रार डोंगरांबद्दल होती.

मी चौकशीला पहिल्या रात्रीच सुरुवात केली.

"अगं, पण हे ज्वालामुखी ना?"

"हो मामा."

"जिवंत?"

"झोपलेत."

"मग झोपलेल्याच्या अंगावरून घसरायचं कशाला? उठेल ना तो."

यावर तिने सांगितलं की त्यांच्यावर शास्त्रज्ञांचं रात्रंदिवस लक्ष असतं, यंत्रं लावलेली आहेत, रेनियरच्या पायथ्याच्या ऑर्टिंग गावात तर चिखलाचा लोंढा आला तर वाजणारे भोंगेसुद्धा बसवलेले आहेत. हे ऐकून मला जो धीर आला तो ताईला कळवण्याजोगा नव्हता.

मे-जूनच का, हा माझा दुसरा प्रश्न. बर्फावर खेळायचं तर डिसेंबर आहे, जानेवारी आहे. तर नाही. हिवाळ्यात ताजा बर्फ थरावर थर पडतो, ते थर एकमेकांशी पटवून घेत नाहीत आणि त्यातला एखादा निसटला की हिमप्रपात होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे भांडण मिटलेलं असतं. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, पुन्हा वितळतो. असं होता होता बर्फाचे जाड, गोल दाणे बनतात. याला ही मंडळी 'कॉर्न' म्हणतात आणि या कॉर्नसाठी जीव टाकतात. मात्र हे कॉर्न लहरी. पहाटे ते दगडासारखं टणक असतं. त्यावर स्की ठेवली तर दात वाजतात. दुपारी त्याची लापशी होते, पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि ओला बर्फ उतारावरून सुटायला लागतो. मधे केव्हातरी, वरचा इंचभर थर मऊ झालेला आणि खालचा अजून घट्ट आहे असा एक मुहूर्त येतो. तो किती वाजता येईल हे उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आदल्या रात्री आभाळ मोकळं होतं का, वारा आहे का, यावर ठरतं. पूर्वेचा उतार आधी पिकतो, नैर्ऋत्येचा उशिरा. पंचांग बघून माणसं इतक्या काटेकोरपणे लग्न लावत नाहीत.

मुहूर्त सकाळी अकराचा असला तर त्या वेळी माथ्यावर हजर पाहिजे. माथ्यावर जायला सात-आठ तास लागतात. म्हणून निघायचं पहाटे तीनला. म्हणून उठायचं दोनला. म्हणून आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गाडी हाकत डोंगराच्या पायथ्याशी जाऊन गाडीतच झोपायचं. एवढा हिशेब ऐकून मी वहीत पहिली नोंद केली.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जे चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ओट्यावर दोन स्की उलट्या घालून ठेवलेल्या. भाचीच्या एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात मेणाची वडी. ती वडी इस्त्रीच्या तापलेल्या तव्याला टेकवते, मेणाचे थेंब स्कीवर टपटप पडत जातात, मग इस्त्री सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरते आणि मेण आत मुरतं. गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढायचं. इतक्या मायेने मुरवलेलं मेण खरवडायचं कशाला, हे मी विचारलं नाही. वळ्यावळ्यांचा तो कीस जमिनीभर होतो आणि मोज्यांना चिकटून घरभर हिंडतो. जावईबापू मागून केरसुणी घेऊन. ते मूळचे नागपूरचे. 'बर्फ पाहायचा असते मामाजी, तुडवायचा नसते' हे त्यांचं ठाम मत, पण गाडी चालवायला ते जातात.

मेणानंतर स्किन. स्कीच्या तळाला चिकटवायच्या या लांब पट्ट्या. पूर्वी म्हणे सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर आणि नायलॉनच्या. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला एकाच दिशेने झुकलेली लव. पुढून मागे हात फिरवला तर मऊ लागते, मागून पुढे फिरवला तर टोचते. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही आणि माणूस चढावर नुसते पाय सरकवत जाऊ शकतो. बुटाची टाच त्या वेळी मोकळी असते. वर पोचल्यावर पट्टी सोलून खिशात घालायची, टाच जखडायची आणि मग उतरायचं. डोकं चालवून केलेली वस्तू आहे, यात शंका नाही. फक्त घडी करून ठेवलेली पट्टी गोंदावर गोंद चिकटून अशी काही एकजीव झालेली असते की सोडवायला दोन माणसं लागतात. भाचीने एक टोक मला दिलं, एक स्वतः धरलं, आणि आम्ही मामा-भाची स्वयंपाकघरात रस्सीखेच खेळलो. पट्टी सुटली तेव्हाचा चर्रर्र आवाज ऐकून ही, म्हणजे माझी बायको, वरच्या मजल्यावरून विचारती झाली, "काय फाटलं?"

आम्ही सगळे अ‍ॅडम्सला गेलो होतो. हा डोंगर बारा हजार पावणेतीनशे फुटांचा. ट्राउट लेक नावाचं गाव लागतं, तिथे हकलबेरीचा मिल्कशेक मिळतो, आणि जावईबापूंच्या लेखी सहल तिथेच संपायला हरकत नव्हती. पुढे जंगलातला कच्चा रस्ता सुरू झाला. तो आपल्याकडच्या घाटवाटांची आठवण होऊन गहिवर यावा इतका कच्चा आहे. वर साडेपाच हजार फुटांवर गाड्या थांबतात. बर्फ अजून रस्त्यावर असला तर त्याच्याही अलीकडे, वाट फुटेल तिथे. रात्री दहाला पाहिलं तर झाडांखाली ओळीने गाड्या आणि प्रत्येक गाडीत दोन-दोन माणसं पाय बाहेर काढून झोपलेली.

दोन वाजता घड्याळांचे गजर एकामागून एक सुरू झाले. कपाळावर दिवे लागले. आणि मग मी ते दृश्य पाहिलं ज्यामुळे या सगळ्या प्रकाराकडे बघण्याची माझी नजरच बदलली. माणसं स्कीवर चढली नाहीत. स्की माणसांवर चढल्या. बर्फ मैल-दीड मैल वर सुरू होत होता, तोवर कोरडं जंगल. त्यामुळे पाठीवर पिशवी, पिशवीच्या दोन्ही बाजूंना उभ्या बांधलेल्या दोन स्की, त्यांची टोकं डोक्याच्या वर जाऊन भिडलेली, कडेला लोंबणारे ते अवजड बूट. वाऱ्याने पडलेलं झाड वाटेत आडवं आलं की खाली वाकावं, तर स्की वरच्या फांदीत अडकतात. वाकू नये तर डोकं अडकतं. विक्रमादित्य वेताळाला घेऊन निघाला तेव्हा त्याची अट निदान गप्प राहण्याची तरी होती. हे लोक तोंडाने बर्फाची चर्चा करत करत चालले होते आणि त्यांच्या खांद्यावरून कोणी उडूनही जात नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोती वाहण्यासाठीच नाक वाढवलेलं.

अ‍ॅडम्स हा डोंगर शिवाय फसवा आहे. घाम गाळून, पाचशे वेळा थांबून माणूस माथ्यावर पोचतो आणि बघतो तर तो माथा नव्हेच. त्याला पायकर्स पीक म्हणतात, साडेअकरा हजारांच्या वर आहे, आणि खालून बघणाऱ्याला तोच शेंडा वाटतो. खरा शेंडा त्याच्यामागे, एक सपाटी ओलांडून, आणखी सहाशे फूट वर. तिथे बसून बरेच लोक म्हणे आयुष्याचा फेरविचार करतात.

आणि या शिखरावर खेचरं जाऊन आलेली आहेत, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. 1930 च्या दशकात अ‍ॅडम्सच्या माथ्यावर गंधक शोधायचा उद्योग चालला होता. त्याच्याही आधी वणव्यावर नजर ठेवायला माथ्यावर एक लाकडी खोली बांधली होती, तिचाच आसरा घेऊन. सामान वर नेलं खेचरांनी. गंधकाचा धंदा काही फळला नाही. पण ती खेचरं कुठल्याही परवान्याशिवाय गेली, आणि त्यांच्या पाठीवर जे होतं ते कोणाच्या तरी उपयोगाचं होतं. आज माणसाला उन्हाळ्यात वर जायला परवाना काढावा लागतो.

चढण साडेसहा हजार फुटांहून जास्त. उतरायला नैर्ऋत्येच्या घळी आहेत, त्या जमातीत फार नावाजलेल्या: एका दमात चार हजार फूट सरळ, रुंद, स्वच्छ उतार. फक्त त्या जिथे संपतात तिथे तुमची गाडी नसते. गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे उतरून झाल्यावर वेताळ पुन्हा पाठीवर, आणि रानातून, ओढ्यांतून, डासांतून आडवं चालत पार्किंगपर्यंत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे मी ऐकून होतो, पण इथे मसाला डोंगरापलीकडून आणायचा होता.

भाची दुपारी उगवली तेव्हा तिचा चेहरा लाल आणि डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. सराईत मंडळी हनुवटीच्या खालच्या बाजूला मलम लावतात, कानाच्या पाळीमागे लावतात आणि नाकपुड्यांच्या आतसुद्धा लावतात. चढताना तोंड उघडं राहतं, म्हणून नवख्याची टाळू भाजते. मग दोन दिवस आमटी पिता येत नाही. आमच्याकडे उन्हात जाऊ नको म्हणून आई ओरडायची. टाळूला ऊन लागेल, असं तिलाही सुचलं नव्हतं.

"बर्फ कसा होता?" एवढाच प्रश्न पार्किंगमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत होता. वरून काय दिसलं, सूर्य कसा उगवला, हे कोणी विचारत नाही. "पावणेअकराला परफेक्ट, सव्वाअकराला गेलं." ज्याला सव्वाअकरा झाले होते तो गाडीच्या मागे जाऊन एकटाच बिस्किटं खात बसला होता.

मी वही उघडली. चढणीला आठ तास. उतरायला पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ थांबून मांड्या चोळण्यात आणि फोटो काढण्यात. परतीची आडवी वाट अडीच तास. जाण्यायेण्याचा प्रवास मिळून अकरा तास. म्हणजे निव्वळ घसरणं वीस-बावीस मिनिटं. मी तिला आकडे दाखवले.

"मामा, तुम्ही चढणं खर्चात धरलंत," ती म्हणाली.

"मग कशात धरू?"

"भांडवलात."

"बुडीत खात्यात धरा मामाजी," जावईबापू स्टिअरिंगवरून म्हणाले.

रेनियरची गोष्ट मात्र वेगळी. हा राजा आहे. चौदा हजार चारशे दहा फूट, आणि सिअ‍ॅटलमधून आभाळ उघडलं की गच्चीतून दिसतो. दिसला की ऑफिसातली कामं थांबतात. त्याच्या दक्षिण अंगावर पॅरडाइज नावाची जागा आहे, तिथवर डांबरी रस्ता जातो. या पार्किंगची उंची पाच हजार चारशे फूट. कळसूबाईची उंची पाच हजार चारशे फूट. साखळ्या-शिड्या चढून, देवीपुढे नारळ फोडून, महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहिल्याचा जो आनंद आम्ही तरुणपणी मिळवला, त्या उंचीवर इथे बेसिनवर गरम पाणी येतं. आणि जूनमध्ये त्या बेसिनच्या खिडकीबाहेर माणसाच्या दुप्पट उंचीच्या बर्फाच्या भिंती उभ्या असतात. 1971–72 च्या हिवाळ्यात पॅरडाइजला साडेत्र्याण्णव फूट बर्फ पडला, तो त्या वेळी जगात विक्रम ठरला. पुढे 1998–99 मध्ये बेकरच्या स्की अड्ड्यावर पंचाण्णव फूट पडला आणि विक्रम तिकडे गेला. दीड फुटाने! मुंबईत जुलैच्या एका रात्रीत तेवढं पाणी आमच्या जिन्यात साचायचं, पण त्याचा विक्रम कोणी नोंदवला नाही.

पॅरडाइजच्या पार्किंगमध्ये मे-जूनच्या रविवारी दोन प्रकारचे लोक असतात. एक, सहकुटुंब आलेले, पायांत फ्लोटर्स, हातांत ठेपले किंवा दशम्या, बर्फाचा एक गोळा करून एकमेकांच्या अंगावर टाकून लगेच गाडीत बसणारे. मराठी भरपूर ऐकू येते. 'हात लावू नकोस, थंडी लागेल' हे वाक्य बर्फाबद्दल मी तिथेच ऐकलं. दुसरे, वरच्या मुइर छावणीकडे तोंड करून निघालेले, चेहऱ्यावर कर्ज फेडायला निघाल्याचे भाव. छावणी दहा हजार फुटांच्या वर. पहिल्या प्रकारचे लोक दुसऱ्या प्रकारच्यांबरोबर सेल्फी काढतात. माझ्या भाचीबरोबर नाशिकच्या एका कुटुंबाने काढला आणि तुम्ही इथेच कामाला का, असं विचारलं.

या छावणीपासून पॅरडाइजपर्यंत 1934 साली शर्यत झाली होती. सिल्व्हर स्कीज तिचं नाव. साठेक स्पर्धक, आणि संयोजकांनी सगळ्यांना एकाच वेळी सोडलं. उतार तो, वेग तो, आणि सगळ्यांच्या पायांना दोन-दोन लांबलचक फळ्या. पुढच्या शर्यतींत एकेकाला सोडायची बुद्धी झाली. 1948 च्या जुलैत तर चार जण थेट शिखरावरून एमन्स हिमनदीवर स्की करत उतरले. तेव्हा भाचीच्या जमातीला जुलैचं वेड लागलं यात तिचा एकटीचा दोष नाही; वेड घराण्यात आहे.

हिमनदी शब्द ऐकून मला काहीतरी वाहतं, गंगोत्रीसारखं, असं वाटायचं. ती वाहते खरी, पण वाहता वाहता फुटते. त्या भेगा वरून दिसतात तेव्हा बऱ्या. ज्यांच्यावर बर्फाचं पातळ झाकण बसलेलं असतं त्या वाईट. म्हणून कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला पुढचा माणूस. जून सरत आला की झाकणं पातळ होतात आणि शहाणे परततात. ऊन वाढलं की बर्फावर गुलाबी डाग पडतात. ते शेवाळ असतं आणि त्याला कलिंगडाचा वास येतो. खाऊ मात्र नये, पोट बिघडतं. आणि त्या बर्फात काळे, दोऱ्यासारखे बारीक किडे राहतात. शून्य अंशाला सुखी. दुपारच्या उन्हात खाली दडतात, संध्याकाळी शेवाळ खायला वर येतात. तळहातावर घेतले तर आपल्या अंगच्या उबेने मरतात. थंडीत सुखाने जगणारा दुसरा जीव मी त्या डोंगरावर पाहिला नाही. बाकी सगळे फक्त तसं दाखवत होते.

एक गोष्ट सांगू की नको असं करत होतो, पण ऑडिटरने काही लपवू नये. रेनियरवर चढणाऱ्याला निळी पिशवी मिळते. डोंगरावर माणसाचं जे काही व्हायचं ते त्या पिशवीत व्हायचं, आणि पिशवी बांधून, पुन्हा पाठीवर घालून, खाली आणायची. मुइर छावणीवर संडास आहे, पण तिथलं साठलेलंही पिंपांत भरून हेलिकॉप्टरने खाली न्यावं लागतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी हेलिकॉप्टरमधून गेलो नाही. हे वाचून माझ्या मनात ज्या भावना आल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. भाचीच्या दृष्टीने मात्र ही साधी शिस्त आहे. लहानपणी हीच मुलगी जेवणाचं ताट उचलायला तयार नसायची.

पण या सगळ्यांत मला मनापासून आवडलेला प्रकार सेंट हेलेन्सवरचा. हा डोंगर 18 मे 1980 च्या सकाळी फुटला. सत्तावन्न माणसं गेली आणि माथ्याचे तेराशे फूट नाहीसे झाले. 1987 मध्ये तो चढाईला पुन्हा खुला झाला. आता तिथे एक रिवाज पडला आहे: मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाला, लोक फ्रॉक घालून चढतात. बायका आणि बाप्ये दोघंही. दाढीवाले आडदांड पुरुष फुलाफुलांचे, झालरी लावलेले, आजीच्या कपाटातून आणल्यासारखे फ्रॉक चढवून, खाली स्कीचे बूट, हातांत काठ्या, अशा थाटात पाच हजार सातशे फूट चढतात. वर विवराच्या कडेवर बर्फाचे पोकळ छज्जे लोंबत असतात, त्यांच्यावर जायचं नसतं. तिथून मागे फिरून झालरी उडवत खाली येतात. स्की नसलेले ढुंगणावर बसून घसरतात. त्यांच्या फ्रॉकचं काय होत असेल?

भाचीने ठरवलं, आपण नऊवारी नेसायची. काष्टा असतो, पाय मोकळे राहतात, स्कीला याहून सोयीचं वस्त्र जगात नाही, असा तिचा युक्तिवाद. आणि खरं सांगायचं तर मला तो बिनतोड वाटला. नेसवण्याचं काम हिच्याकडे आलं. पहाटे अडीच वाजता पार्किंगमध्ये, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, थर्मल विजारीवरून ही नऊवारी नेसवत होती आणि तोंडाने "पोट आत घे" म्हणत होती. कंबरपट्ट्याच्या जागी दोराचा पट्टा. पदर खोचून पाठीवर पिशवी. बाजूच्या गाडीतला एक गुलाबी फ्रॉकमधला दाढीवाला बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग अदबीने येऊन त्याने विचारलं, हे मलाही बांधून मिळेल का. हिने त्याच्या उंचीवर नजर टाकून सांगितलं, "ह्याला अकरावारी लागेल."

हे सगळं घडायच्या आदल्या दिवशी ताईला फोनवरून कळवावं लागलं, कारण साडी तिची होती. मी मनाची तयारी केली होती. ज्वालामुखी, छज्जे, हिमप्रपात, सगळ्यांची उत्तरं पाठ होती.

"कुठली नेतेय?" ताईने विचारलं.

"ती हिरवी. इरकलीसारखी."

"ती ने. पण पैठणीला हात लावलास तर बघ म्हणावं. आणि वर गेल्यावर फोटो काढायला सांग, काष्टा नीट दिसेल असा. भिशीत दाखवायचाय."

ताईचा विरोध तिथे मावळला. फोटो डोंबिवलीभर फिरला, आणि त्यावर आलेल्या प्रतिक्रियांत बर्फाचा उल्लेख एकीनेही केला नाही. निऱ्या मात्र सगळ्यांनी मोजल्या.

जुलैत हंगाम संपायला हवा. संपत नाही. या जमातीतल्या कट्टर मंडळींचा नेम असतो की वर्षाच्या बाराही महिन्यांत, महिन्यातून एकदा तरी, स्की करायचीच. ऑगस्टपर्यंत हे जमतं. सप्टेंबरात जे चालतं ते मी एकदा रेनियरच्या अंगाखांद्यावर पाहिलं. फुलं संपलेली, गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि दोन-तीन तास चालून गेल्यावर दोन खडकांमधे एक करडा, मातकट, खडे रुतलेला बर्फाचा तुकडा. आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टापेक्षा थोडा मोठा. उन्हाने त्यात हातभर खोल वाटीसारखे खळगे पाडलेले. भाची आणि तिचे दोघे सोबती त्या तुकड्यासमोर उभं राहून गंभीरपणे चर्चा करत होते: उजवीकडून घ्यावं की डावीकडून. मग बूट बदलले, स्की लावल्या, शिरस्त्राणं घातली. मी 'अरे वा' म्हणायला तोंड उघडलं, ते मिटेपर्यंत ती खालच्या टोकाला पोचली होती. गुडघे वाजले ते मला ऐकू आले. मग स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि ते पुन्हा वर चढायला लागले. एक अमेरिकन म्हातारा कुत्रा घेऊन चालला होता, तो थांबला. कुत्रंही थांबलं. दोघांनी मिळून बराच वेळ पाहिलं आणि मग म्हाताऱ्याने मला विचारलं, काही हरवलंय का त्यांचं?

मी हो म्हणून टाकलं.

परतीच्या वाटेवर मी भाचीला विचारलं, "आणि ऑक्टोबरात काय करतेस?" ऑक्टोबर हा फार कठीण महिना. जुना बर्फ काचेसारखा कडक झालेला असतो आणि नव्याचा पत्ता नसतो.

"दिवाळीची रजा टाकलीये मामा," ती म्हणाली. "पडला तर वर, नाही पडला तर तो तुकडा आहेच."

जावईबापूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चकली याही वर्षी पार्किंगमध्येच खायची आहे," ते म्हणाले. "मामाजी, तुमचं तिकीट पुढे ढकलून घ्या. एकट्याला करमत नाही तिथं."